ड्रग स्क्रीनिंगचे क्लेम पुन्हा पुन्हा परत येतात: तपासणी कोठून सुरू करावी

पुण्यात, मुंबईत किंवा नागपुरात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या प्रयोगशाळांचे बिलिंग करणाऱ्यांना लघवीतील औषधे आणि अमली पदार्थांच्या तपासणीचे क्लेम, म्हणजे विमा देणाऱ्याकडे पाठवलेली बिले, हा किती चिवट प्रकार आहे, हे वेगळे सांगायला नको. एका महिन्यात साफ केलेली डिनायलची, म्हणजे नाकारलेल्या क्लेमची, रांग पुढच्या महिन्यात त्याच क्लिनिकच्या, त्याच कोडच्या क्लेमनी पुन्हा भरते आणि अपील लिहिणारा माणूस रुग्णाचे नाव बदलून तेच पत्र पुन्हा लिहीत बसतो. मी ही रांग बरीच वर्षे उपसली आहे. यांपैकी फार थोड्या क्लेमना खरोखर अपिलाची गरज असते, असा माझा अनुभव आहे. बहुतेकांत चूक क्लेम तयार होण्याच्या आधीच, म्हणजे नमुना घेताना, डॉक्टरांचे तपासणी मागवणारे मागणीपत्र भरताना किंवा प्रयोगशाळेच्या संगणकातून तारीख उचलताना झालेली असते, आणि ती तिथे दुरुस्त केल्याशिवाय रांग आटत नाही.

पुढचा क्रम मेडिकेअर या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याच्या पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि बाह्यरुग्ण सेवांच्या भागातील, क्लेमना धरून लिहिला आहे. खासगी पेयरची (पैसे देणाऱ्या विमा कंपन्यांची) धोरणे निरनिराळी असली तरी त्यांतली बरीचशी याच चौकटीवर बेतलेली असतात, त्यामुळे क्रम तोच ठेवून तपशील त्या त्या पेयरच्या धोरणातून पाहावेत.

लक्षणे

साधारण पाच प्रकारची लक्षणे दिसतात. पहिल्या प्रकारात एकाच क्लिनिकचा किंवा एकाच दिवसाचा संपूर्ण गठ्ठा सीओ-१६ (माहिती अपुरी किंवा चुकीची) या कोडने परत येतो आणि सोबत एमए-१२० किंवा एमए-१३० हा शेरा असतो. दुसऱ्यात ८०३०७ हा यंत्रावरच्या चाळणी तपासणीचा कोड सीओ-९७ किंवा सीओ-२३६ लावून, म्हणजे ती दुसऱ्या सेवेतच धरलेली आहे किंवा तिच्यासोबत चालत नाही असे म्हणून, नाकारला जातो. पण हे सगळ्या रुग्णांच्या बाबतीत घडत नाही, अधूनमधून घडते, आणि त्यामुळेच माणूस चक्रावतो. तिसऱ्यात सीओ-५०, सीओ-११ किंवा सीओ-१६७ येतो, म्हणजे दिलेले निदान तपासणीला आधार देत नाही असे पेयरचे म्हणणे असते. चौथ्यात सीओ-१५१ येतो: इतक्या वेळा तपासणी करण्यामागचे कारण कागदपत्रांतून दिसत नाही. पाचवे लक्षण सर्वांत फसवे आहे. क्लेमचे पैसे वेळेवर मिळतात, रांगेत काहीही दिसत नाही, आणि काही महिन्यांनी कागदपत्रांची मागणी करणारे पत्र येऊन दिलेले पैसे परत मागितले जातात.

नकाराचा कोड पूर्ण वाचणे

या तपासणीला पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात, आणि तरीही घाईत हीच वगळली जाते. पेमेंटच्या तपशीलपत्रकात मुख्य कोडाच्या आधी येणारी दोन अक्षरे आणि त्याच्यानंतर येणारा शेरा, दोन्ही वाचावेत. सीओ असेल तर ती रक्कम रुग्णाकडून मागता येत नाही. पीआर असेल तर ती रुग्णाच्या जबाबदारीत मोडते. एमए-१३० हा शेरा असेल तर क्लेम अपुऱ्या किंवा चुकीच्या माहितीमुळे प्रक्रियेतच घेतलेला नसतो आणि त्यावर अपिलाचा हक्कच नसतो. दुरुस्त करून तो नव्याने पाठवावा लागतो. आमच्याकडे एका नव्या सहकाऱ्याने एमए-१३० असलेल्या गठ्ठ्यावर दोन रात्री जागून अपिले तयार केली होती. पत्रे उत्तम लिहिलेली होती आणि सगळी निरुपयोगी ठरली.

दुरुस्त क्लेम कसा पाठवायचा, यातही फरक आहे. बहुतेक खासगी पेयरना बावीस क्रमांकाच्या रकान्यात सात हा आकडा आणि मूळ क्लेमचा क्रमांक देऊन बदली क्लेम पाठवता येतो. मेडिकेअर पार्ट बी तो प्रकार स्वीकारत नाही. याच टप्प्यावर क्लिअरिंगहाऊसचा, म्हणजे क्लेम पेयरकडे पोहोचवणाऱ्या मध्यस्थाचा, २७७सीए हा पोहोच-अहवालही पाहून घ्यावा. क्लेम पेयरपर्यंत पोहोचलाच नसेल तर थकलेल्या क्लेमचा पाठपुरावा करणाऱ्या एआर कॉलरने तासभर फोन धरून ‘नो क्लेम ऑन फाइल’ ऐकण्यात काय अर्थ आहे? मेडिकेअरची मुदत सेवेच्या तारखेपासून एक वर्षाची आहे आणि वाटेत अडकलेले क्लेम ती मुकाट्याने खाऊन टाकतात.

क्लेमचा दर्शनी भाग

आता क्लेम समोर घेऊन तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, क्लिया क्रमांक. अमेरिकेत रुग्णांच्या निदान-उपचारासाठी मानवी नमुन्यांची तपासणी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेला १९८८ च्या क्लिया कायद्याखाली प्रमाणपत्र लागते आणि त्याचा दहा खुणांचा क्रमांक क्लेमच्या तेविसाव्या रकान्यात द्यावा लागतो. त्यातली तिसरी खूण ‘डी’ हे अक्षर असते. कागदावरून पाहून टाइप करणारा माणूस त्या जागी शून्य टाकतो, सॉफ्टवेअर ते तसेच जपून ठेवते, आणि त्या क्लिनिकचा पुढचा प्रत्येक क्लेम एमए-१२० घेऊन परत येतो. क्रमांक बरोबर असूनही नकार येत असेल तर प्रमाणपत्राची मुदत आणि पत्ता पाहावा. प्रमाणपत्र दोन वर्षांचे असते आणि साधारणपणे एका जागेपुरते असते, त्यामुळे दुसरी शाखा उघडल्यावर पहिल्या शाखेचा क्रमांक तिथे चालेल हे गृहीत धरता येत नाही.

दुसरी गोष्ट क्यूडब्ल्यू हे मॉडिफायर, म्हणजे कोडामागे जोडायची दोन खुणांची पुरवणी. ज्या क्लिनिककडे फक्त ‘वेव्हर’ (सोप्या तपासण्यांपुरते) प्रमाणपत्र आहे, त्याने नमुन्याच्या कपात किंवा पट्टीवर केलेल्या तपासणीचा ८०३०५ हा कोड मेडिकेअरला क्यूडब्ल्यूशिवाय पाठवला तर तो अडतो, कारण त्या मॉडिफायरवरूनच पेयरला समजते की सोप्या वर्गातले, माफी मिळालेले किट वापरले होते. अशा क्लिनिकच्या नावाने ८०३०७ गेला असेल तर मॉडिफायर शोधत बसू नये. त्या प्रमाणपत्रावर विश्लेषक यंत्रावरची तपासणी करताच येत नाही. म्हणजे एकतर कोड चुकला आहे किंवा तपासणी दुसरीकडे झाली आहे.

तिसरी गोष्ट तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि एनपीआय (त्यांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक). एन-२६४ किंवा एन-२६५ हा शेरा दिसला तर मेडिकेअरच्या नोंदणीतले नाव आणि क्लेमवरचे नाव अक्षर अन् अक्षर जुळते का, ते पाहावे. क्लिनिकमध्ये सगळे ज्यांना ‘बॉब’ म्हणतात, ते नोंदणीत ‘रॉबर्ट’ असतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या बाबतीतही हेच घडते.

कोडांचा तक्ता जुना तर नाही ना

या तपासण्यांचे दोन वर्ग आहेत आणि पुढचे सगळे त्यांवर अवलंबून आहे. प्रिझम्प्टिव्ह तपासणी म्हणजे पदार्थ असण्याची शक्यता दाखवणारी चाळणी: डोळ्यांनी वाचायची असेल तर ८०३०५, वाचायला यंत्राची मदत घेतली तर ८०३०६, आणि रसायन विश्लेषक यंत्रावर केली तर ८०३०७. हे तीन कोड १ जानेवारी २०१७ पासून लागू आहेत. डेफिनिटिव्ह तपासणी म्हणजे कोणते औषध आहे हे नावानिशी सांगणारी, बहुधा मास स्पेक्ट्रोमेट्रीवर होणारी तपासणी. तिच्यासाठी मेडिकेअर जी-०४८० ते जी-०४८३ आणि जी-०६५९ हे कोड वापरते. सीपीटीच्या (अमेरिकेतल्या वैद्यकीय सेवांच्या कोडांच्या) पुस्तकातले ८०३२० ते ८०३७७ हे वर्गवार कोड मेडिकेअर घेत नाही, काही खासगी पेयर मात्र घेतात. एका पेयरचा तक्ता दुसऱ्याला लावला की गठ्ठेच्या गठ्ठे परत येतात. २०१६ साली वर्षभरच वापरात असलेले जी-०४७७ ते जी-०४७९ हे कोड मी अजूनही एखाद्या क्लिनिकच्या भिंतीवरच्या तक्त्यात पाहतो. तो तक्ता उतरवायला सांगणे हा या पोस्टमधला सर्वांत स्वस्त उपाय असेल.

हे कोड दर दिवशी एकदाच, एका युनिटने लावायचे असतात. कपात दहा पदार्थांच्या पट्ट्या असल्या तरी ८०३०५ चे युनिट एकच. नमुना खरा आहे का, हे पाहण्यासाठी केलेली आम्लता, विशिष्ट गुरुत्व आणि क्रिएटिनिनची तपासणी या कोडांतच धरलेली आहे. ती वेगळी लावली की सीओ-९७ येणारच, आणि एखाद्या वेळी पैसे आले तरी ते आपले नसतात.

तारीख

सेवेची तारीख म्हणजे नमुना घेतल्याची तारीख, हा मेडिकेअरचा सर्वसाधारण नियम आहे. अनेक प्रयोगशाळांच्या संगणकातून बिलिंगकडे येणाऱ्या फाइलमध्ये मात्र नमुना पोहोचल्याची तारीख येते. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला नमुना कुरिअरने सोमवारी पोहोचला की क्लेमवर सोमवार लागतो. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा आपले घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते, आणि हाताने नोंद करताना तारखेचा रकाना रिकामा सोडला तर काही सॉफ्टवेअर इथली आजची तारीख आपणहून भरतात. तपासण्यासाठी एकाच क्लिनिकचे वीस क्लेम घ्यावेत आणि प्रत्येकाची तारीख मागणीपत्रावरच्या नमुना घेतल्याच्या तारखेशी ताडून पाहावी. वीसपैकी तीन चुकले असतील तर नोंद करणाऱ्या माणसाशी बोलावे. अठरा चुकले असतील तर इंटरफेस पाहणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवावे, कारण ते माणसाचे काम नव्हे.

तारीख चुकल्याने नकार आला तर निदान कळते तरी. चुकीच्या तारखेमुळे पैसे मिळणे त्याहून वाईट, आणि त्याचे कारण पुढच्या तपासणीत आहे.

त्याच दिवशी दुसऱ्या कोणी तीच तपासणी केली आहे का

अधूनमधून येणाऱ्या सीओ-९७ चे उत्तर जवळजवळ नेहमी इथे सापडते. क्लिनिकमध्ये रुग्णाचा कप तपासला जातो, क्लिनिक ८०३०५ चा क्लेम पाठवते. तोच नमुना प्रयोगशाळेत येतो, तिथे तो पुन्हा विश्लेषक यंत्रावर घातला जातो आणि ८०३०७ चा क्लेम जातो. एका दिवसाला प्रिझम्प्टिव्हचा एकच कोड मान्य असल्याने जो क्लेम आधी पोहोचतो त्याचे पैसे होतात आणि दुसरा परत येतो. ज्या रुग्णांचा कप क्लिनिकमध्ये तपासला नव्हता, त्यांचे क्लेम व्यवस्थित पास होतात. म्हणून हा दोष लहरी वाटतो. तारीख एका दिवसाने पुढे सरकलेली असेल तर दोन्ही क्लेम पास होतात आणि दुहेरी बिलिंग तपासनिसाच्या हाती लागेपर्यंत झाकलेले राहते.

यासाठी क्लिनिकला फोन करावा लागतो. प्रश्न साधा असावा: ‘तुमच्याकडे कप तपासून त्याचे बिल केले जाते का, आणि केले जात असेल तर मागणीपत्रावर प्रयोगशाळेकडून यंत्रावरची चाळणीही मागितलेली असते का?’ दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर दुरुस्ती मागणीपत्रात करावी लागते. इथे ५९ (‘वेगळी सेवा’) किंवा ९१ (‘पुन्हा केलेली तपासणी’) हे मॉडिफायर लावून क्लेम ढकलण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. तो मानू नये. दर दिवशी एकदाच लागणाऱ्या कोडाला ‘वेगळी सेवा’ म्हणण्याला काही आधार नाही.

क्लिनिकशी बोलताना एक खबरदारी घ्यावी. व्यसनमुक्ती उपचार केंद्रांच्या नोंदींना नेहमीच्या हिपा (रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या) नियमांखेरीज ‘पार्ट दोन’ या वेगळ्या संघीय नियमाचे संरक्षण आहे. रुग्णाची संमती काय आहे, हे केंद्राने पाहिल्याशिवाय त्या नोंदी मागू नयेत आणि साध्या ईमेलवर तर मुळीच मागवू नयेत.

किती वेळा

सीओ-१५१ आला की रुग्णाच्या मागील वर्षभराच्या तारखा एका ओळीत मांडाव्यात. मेडिकेअरच्या अनेक प्रादेशिक कंत्राटदारांच्या धोरणात दीर्घकाळ ओपिऑइड (अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामके) घेणाऱ्या रुग्णांसाठी धोक्याच्या पातळीनुसार मर्यादा दिल्या आहेत: कमी धोका असेल तर बारा महिन्यांत एक ते दोन वेळा, मध्यम असेल तर सहा महिन्यांत एक ते दोन वेळा, आणि जास्त असेल तर तीन महिन्यांत एक ते तीन वेळा. व्यसनमुक्तीच्या उपचारातील रुग्णांसाठी या मर्यादा रुग्ण किती दिवसांपासून पदार्थापासून दूर आहे यावर ठरतात आणि सुरुवातीच्या महिन्यात आठवड्याला एक ते तीन प्रिझम्प्टिव्ह तपासण्यांपर्यंत जातात. म्हणून धोक्याची पातळी नोंदवलेली नसेल तर तपासण्या कितीही रास्त असल्या तरी पेयरला त्या मोजण्याची पट्टीच मिळत नाही. मर्यादा ओलांडली जाणार हे आधीच दिसत असेल तर नमुना घेण्यापूर्वी रुग्णाकडून एबीएन (मेडिकेअरने पैसे न दिल्यास खर्च रुग्णावर येईल, अशी आगाऊ सूचना) सही करून घेऊन जीए मॉडिफायर लावता येतो. नंतर घेतलेल्या सहीचा उपयोग नाही.

नावे मोजायची की वर्ग

आता खरा वेळ खाणारा भाग. जी-०४८० एक ते सात वर्गांसाठी, जी-०४८१ आठ ते चौदा, जी-०४८२ पंधरा ते एकवीस आणि जी-०४८३ बावीस किंवा अधिक वर्गांसाठी आहे. इथे औषधांची नावे मोजायची नसतात, वर्ग मोजायचे असतात, आणि औषध शरीरात मोडल्यावर तयार होणारे घटक त्याच वर्गात धरायचे असतात. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र नावांची यादी देतो.

एक अहवाल मोजून पाहू. आमच्या मजल्यावर कागद-पेन आणि मोबाइल न्यायला मनाई आहे, त्यामुळे ही मोजणी स्क्रीनवरच्या नोटपॅडमध्ये करायची सवय लागली आहे. यादीत मॉर्फिन, कोडीन, हायड्रोकोडोन आणि हायड्रोमॉर्फोन आहेत: चार नावे, पण ओपिएट हा एकच वर्ग. पुढे ऑक्सिकोडोन, ऑक्सिमॉर्फोन आणि नॉरऑक्सिकोडोन: तीन नावे, ऑक्सिकोडोनचा एक वर्ग. फेन्टानिल आणि नॉरफेन्टानिल: एक वर्ग. अल्प्राझोलाम, त्याचा अल्फा-हायड्रॉक्सी घटक आणि लोराझेपाम: बेन्झोडायझेपिनचा एक वर्ग. बेन्झॉइलएक्गोनिन म्हणजे कोकेनचा एक. ब्युप्रेनॉर्फिन आणि नॉरब्युप्रेनॉर्फिनचा एक. मेथाडोन आणि त्याचा ईडीडीपी हा घटक मिळून एक. यादीत सतरा ओळी आहेत आणि वर्ग सात. ओळी मोजणारा जी-०४८२ लावतो आणि बरोबर कोड जी-०४८० असतो. मेडिकेअरच्या अलीकडच्या दरपत्रकात पहिल्याला १९८.७४ डॉलर आणि दुसऱ्याला ११४.४३ डॉलर आहेत. म्हणजे एका नमुन्यामागे ८४.३१ डॉलर जास्तीचे. असे शंभर क्लेम पास झाले की ते पाचव्या लक्षणाचे बीज असते.

उलट चूकही होते. सहा-अॅसिटिलमॉर्फिन हे हेरॉइनचे चिन्ह आहे आणि सीपीटीत त्याचा वर्ग ओपिएटपासून वेगळा धरला आहे. ते मॉर्फिनसोबत एकत्र मोजले तर वर्ग कमी भरतो. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन यांचेही स्वतंत्र वर्ग आहेत. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रत्येक पॅनेलसाठी नाव आणि वर्ग यांचा तक्ता एकदाच करून, सीपीटीच्या यादीशी ताडून, प्रयोगशाळेकडून मान्य करून घ्यावा आणि दर जानेवारीत पुन्हा पाहावा. दर क्लेमला नव्याने मोजणी करणाऱ्या दोन कोडरांचे उत्तर पहाटे चार वाजता एकसारखे येत नाही.

आणखी एक गोष्ट. मोजायचे ते मागितलेले आणि केलेले वर्ग. यंत्राने चाळीस पदार्थ दाखवले, पण डॉक्टरांनी पाच वर्ग मागितले असतील, तर क्लेम पाचांचाच.

मागणीपत्र आणि रुग्णाची नोंद

सीओ-५० चे मूळ शोधायला इथपर्यंत यावे लागते. हे काम महाग आहे, कारण दुसऱ्याच्या दप्तरातील कागद मागवावे लागतात. निदानाचा कोड प्रयोगशाळेने किंवा बिलिंगवाल्याने ठरवायचा नसतो. तो तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांकडून यावा लागतो. सर्व रुग्णांना झेड-७९.८९९ हा ‘इतर दीर्घकालीन औषधोपचार’ असा मोघम कोड लावलेला दिसला, तर क्लिनिककडून काहीच आलेले नाही आणि कोणीतरी रकाना भरण्यापुरता भरला आहे, असे समजावे. ओपिऑइड वेदनाशामक दीर्घकाळ चालू असल्यास झेड-७९.८९१, ओपिऑइड अवलंबित्व असल्यास एफ-११ मालिकेतला कोड, जुनाट वेदनेच्या सिंड्रोमसाठी जी-८९.४ असे कोड नोंदीत खरोखर लिहिलेल्या गोष्टींतून यायला हवेत. नोकरीपूर्व किंवा न्यायालयीन कारणासाठीची तपासणी मेडिकेअरच्या आवाक्यात येत नाही. तिला वैद्यकीय निदानाचा कोड चिकटवणे ही दुरुस्ती नव्हे, खोटे विधान आहे.

मागणीपत्र हातात आले की मी सर्वांत आधी टिक केलेल्या खुणा पाहतो. प्रत्येक रुग्णाच्या पत्रावर ‘संपूर्ण पॅनेल’ हा एकच चौकोन, एकाच शाईत, एकाच तिरप्या रेघेने भरलेला असेल, किंवा चौकोन छापतानाच भरलेला असेल, तर अपील लिहून काही होणार नाही. कंत्राटदारांची धोरणे या रुग्णासाठी ही तपासणी आत्ता का आणि निष्कर्षाने उपचारात काय बदलणार, हे नोंदीत शोधतात. सरसकट मागणी ते अमान्य करतात. मागणीपत्रावर सही नसली तरी चालू शकते, पण मग डॉक्टरांचा तपासणी करून घेण्याचा हेतू त्यांच्या सही केलेल्या भेटीच्या टिपणात दिसावा लागतो. ‘यूडीटी (लघवीतील औषधांची तपासणी) केली’ एवढे वाक्य त्यासाठी पुरत नाही. कपात बेन्झोडायझेपिन अनपेक्षितपणे आढळले, रुग्ण ते घेत असल्याचे नाकारतो, म्हणून त्या एका वर्गाची निश्चिती मागवली, असे लिहिलेले असेल तर क्लेम स्वतःच्या पायावर उभा राहतो.

हा मुद्दा किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. सॅन डिएगोच्या मिलेनियम हेल्थ या प्रयोगशाळेने २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारशी २५ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली; अनावश्यक तपासण्यांच्या आरोपांत डॉक्टरांच्या नावाने आधीच ठरवून ठेवलेली ‘कस्टम प्रोफाइल’ हा मुद्दा ठळक होता.

कागद पुरेसे असतील तरच अपील करावे. मेडिकेअरच्या पहिल्या पायरीला १२० दिवस असतात. कंत्राटदाराने कागद मागितले असतील तर उत्तर ४५ दिवसांत द्यावे लागते आणि न दिलेले उत्तर नकारच मानले जाते. टिपण अपुरे असेल तर ते जुन्या तारखेने पुन्हा लिहून घेऊ नये. डॉक्टर आजच्या तारखेने, पुरवणी म्हणून, खरे तेवढे जोडू शकतात.

तपासणीची पद्धत

सर्वांत अवघड तपासणी बिलिंगच्या खोलीत होऊच शकत नाही. जी-०४८० ते जी-०४८३ लावायला मास स्पेक्ट्रोमेट्री वापरली एवढे पुरत नाही. प्रत्येक नमुन्यात मान्यताप्राप्त अंतर्गत मानके, पद्धतीनुसार किंवा औषधानुसार अंशांकन आणि नमुन्याशी मिळतेजुळते गुणवत्ता नियंत्रण असावे लागते. हे नसेल तर वर्ग कितीही असोत, जी-०६५९ लागतो. नव्या यंत्रासोबत नवे पॅनेल सुरू झाल्यानंतर नकार किंवा कागदांची मागणी वाढली असेल तर प्रयोगशाळेच्या संचालकांकडून लेखी उत्तर घ्यावे. विक्री विभागातल्या माणसाचे ‘डेफिनिटिव्हच आहे’ हे तोंडी आश्वासन त्या जागी चालत नाही.

इथे थांबावे

काही ठिकाणी बिलिंग करणाऱ्याने हात मागे घ्यावा आणि प्रयोगशाळेच्या कंप्लायन्स (नियमपालन पाहणाऱ्या) अधिकाऱ्याला, त्यांच्यामार्फत अमेरिकेतल्या आरोग्य कायद्याच्या वकिलाला बोलवावे. मिळालेले पैसे चुकीच्या कोडावर मिळाले आहेत असे मोजणीत आढळले, तर तो पहिला प्रसंग. मेडिकेअरचे जास्तीचे पैसे लक्षात आल्यावर कळवून परत करण्याला साठ दिवसांची मुदत आहे आणि जाणूनबुजून ठेवून घेतले तर सरकारकडे केलेल्या खोट्या क्लेमबद्दलच्या फॉल्स क्लेम्स कायद्याचा विषय होतो. किती मागे जायचे आणि नमुना कसा काढायचा, हे ठरवणे टीम लीडरचे काम नाही. दुसरा प्रसंग म्हणजे एकाच क्लिनिकचे नमुने एकाच विक्री प्रतिनिधीमार्फत येतात आणि त्याचे कमिशन नमुन्यांच्या संख्येवर ठरते असे दिसले. २०१८ च्या एक्रा या लाचेसारखे कमिशन रोखणाऱ्या कायद्याने प्रयोगशाळांच्या बाबतीत असे व्यवहार फौजदारी कक्षेत आणले आहेत आणि तो कायदा खासगी विम्यालाही लागू आहे. तिसरा, फसवणूक तपासणाऱ्या यूपीआयसी कंत्राटदाराचे पत्र किंवा समन्स आले. त्या क्षणापासून एकही क्लेम ‘दुरुस्त’ करू नये आणि एकही नोंद पुसू नये.

चौथा प्रसंग लहान दिसतो आणि सर्वांत जास्त वेळा येतो. क्लायंटच्या बाजूचा कोणीतरी चॅटवर लिहितो की गेल्या महिन्यात जे निदान पास झाले तेच या महिन्याच्या क्लेमनाही लावा. त्याला नम्रपणे, लेखी, नकार द्यावा, संदेश जसाच्या तसा कंप्लायन्सकडे पाठवावा आणि ते क्लेम उत्तर येईपर्यंत होल्डवर टाकावेत.